पाच खिडक्यांचा डबा

वीज गेली की नाना सगळ्यात आधी रेडिओ बंद करत. मग उशाजवळचा दिवा. मग पलंगावर ताठ बसून, नाकातली नळी नीट करून, समोरच्या भिंतीकडे बघत राहत. त्यांना कोणी तसं सांगितलं होतं असं नाही. सांगायची वेळच ते कोणावर येऊ देत नसत.

दोन वर्षांपूर्वीच्या आजारपणानंतर नानांची फुफ्फुसं पहिल्यासारखी राहिली नव्हती. दिवसातले बरेच तास त्यांना नळीतून प्राणवायू घ्यावा लागे. तो पुरवणारं यंत्र पलंगाशेजारी घुरघुरत उभं असे, गुडघ्याएवढं, चाकांवरचं. घरात त्याला सगळे 'पाहुणा' म्हणत, कारण आला तो जायचं नावच घेत नव्हता. वीज गेली तर पाहुण्याची सोय म्हणून इन्व्हर्टर आणि भली मोठी बॅटरी घेतली होती. विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, "चार तास बघायला नको." प्रत्यक्षात दोन तास झाले की बॅटरी मान टाकायची. मग कोपऱ्यातला सिलिंडर उघडावा लागे. सिलिंडरचा नानांना तिटकारा होता. त्याची हवा कोरडी लागते, घसा खरवडतो आणि तो संपेल संपेल म्हणून काट्यावरची नजर हलत नाही, असं ते म्हणत.

त्या थंडीत गल्लीत नवी केबल टाकायचं काम निघालं. आठवड्यातून दोनतीनदा दुपारी वीज बंद. कधी दोन तास, कधी तीन. बॅटरी लवकर बसते कशाने, या संशयाची सुई घरातल्या एकेका वस्तूवरून फिरत फिरत नानांच्या रेडिओवर येऊन थांबली. जुना, जाडजूड, लाकडी पेटीचा रेडिओ. एवढं धूड म्हणजे खातही तसंच असणार, असं नानांच्या मुलाने ठरवून टाकलं.

मुलगा बेकरीत भट्टीवर कामाला होता. पहाटे जायचा, दुपारी एकला पिठाने पांढरा होऊन यायचा. माणूस मायाळू, पण एकदा मत झालं की भट्टीतून काढलेल्या पावासारखं. परत पीठ होणे नाही. त्याने नानांना सेलवर चालणारा छोटा रेडिओ आणून दिला. नानांनी दोन दिवस ऐकला आणि उशीखाली ठेवून दिला. "त्यातली माणसं डब्यात बसून बोलल्यासारखी वाटतात," ते म्हणाले.

मुलाची बायको, म्हणजे नानांची सून, शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. सोळा वर्षं तिने मुलांसमोर तारा, भिंगं, काट्याची उपकरणं मांडली होती आणि तास संपल्यावर मोजून परत कपाटात ठेवली होती. शाळेत तिला सगळे लॅबबाई म्हणत. एका मंगळवारी ती तीनच्या सुमाराला घरी आली, तर नानांच्या खोलीत सांजवेळेसारखा अंधार. थंडीमुळे खिडकी बंद, पडदा अर्धा ओढलेला. पाहुण्याची घुरघुर सोडली तर आवाज नाही. नाना मांडीवर हात ठेवून बसलेले.

"नाना, दिवा तरी लावायचा!"

"कशाला? मला काय सुईत दोरा ओवायचाय?"

"आणि गोष्ट? दोनला असते ना?"

दुपारी दोनला रेडिओवर एक बाई कादंबरी वाचून दाखवत असे. दीपगृहावर कामाला लागलेल्या एका विधवेची गोष्ट होती. नानांनी पहिल्या भागापासून ऐकली होती.

"होऊ दे तिचं काय व्हायचं ते," नाना म्हणाले. "रेडिओ बॅटरी खातो गं."

"किती खातो?"

"खातो एवढं खरं."

"पण किती?"

नानांनी नाकातली नळी उगाच नीट केली. आणि हे लॅबबाईला लागलं. कारण नाना आयुष्यभर तराजू आणि काटे दुरुस्त करत आले होते. धान्याच्या दुकानातल्या काट्यापासून औषधाच्या दुकानातल्या नाजूक तराजूपर्यंत त्यांच्या हाताखालून गेला नाही असा काटा त्या भागात नव्हता. 'किती' हा प्रश्न त्यांच्यासमोर कधी अनुत्तरित राहिला नव्हता. आणि आता हा माणूस कोणी 'खातो' म्हटलं म्हणून अंधारात गप्प बसला होता.

चहा ठेवता ठेवता ती नवऱ्याला म्हणाली, "मोजूया."

"काय?"

"कोण किती वीज घेतं ते. त्या खोलीत बॅटरीवर जे जे चालतं ते सगळं."

"त्यात मोजायचं काय? पाहुणा घेतो, दिवा घेतो, रेडिओ घेतो."

"आणि मासे?"

"मासे!" नवरा हसला. खिडकीजवळच्या टाकीत त्याचे बावीस मासे होते. आजारपणानंतर नानांना पडल्या पडल्या बघायला काहीतरी हवं म्हणून त्यानेच हौसेने आणलेले. "त्यांचा पंप नखाएवढा. तो काय खाणार?"

बाजारात एका वस्तूची वीज मोजणारं छोटं यंत्र मिळतं. मधे लावायचं आणि आकडा वाचायचा. लॅबबाईने ते दुकानात हातात घेऊन बघितलं आणि परत ठेवलं. तिला सगळे आकडे एकाच वेळी समोर हवे होते. वर्गात एका पोराकडे बघितलं की दुसरं बोलतं, हे ती सोळा वर्षं बघत आली होती. घरातल्या वस्तूंचं वेगळं कशावरून?

"पाच मीटर द्या," ती दुकानदाराला म्हणाली. "ते वॅट दाखवणारे, कडं असलेले. पाच सॉकेट, पाच बटणं, एक फ्यूज, आणि हे सगळं मावेल असा डबा."

"पाच?" दुकानदाराने चष्मा वर केला. "घरात कारखाना काढताय का ताई?"

"चोर पकडायचाय."

कल्पना साधी होती. भिंतीतून एकच जाड वायर डब्यात यायची. आत तिचे पाच फाटे. प्रत्येक फाट्याला एक सॉकेट, आणि प्रत्येक सॉकेटच्या डोक्यावर एक मीटर. मीटरला एक बांगडीसारखं कडं जोडलेलं असतं. त्यातून वायर गेली की किती वीज वाहते ते कडं ओळखतं आणि मीटरच्या खिडकीत आकडा उमटतो. नानांच्या खोलीत आतापर्यंत एका जुनाट बोर्डावर सगळ्यांची गर्दी होती. त्या जागी हा डबा येणार होता.

डबा लोखंडी होता, पण त्याची पुढची बाजू जाड फायबरच्या पाटीची. तिच्यात पाच मीटरांसाठी पाच चौकोन कापायचे होते. भोकं शाळेतल्या सुतारकामाच्या सरांनी पाडून दिली, पण ओबडधोबड. मीटर आत जाईनात. लॅबबाई रविवारी नानांच्या खोलीत जमिनीवर बसून कानशीने कडा घासत होती आणि नाना वरून बघत होते. थोडा वेळ त्यांनी सहन केलं.

"कानस अशी धरतात? लोण्यात सुरी घातल्यासारखी?"

"मग कशी?"

"आण इकडे. आणि कपाटात खालच्या खणात माझी पेटी आहे, ती काढ."

पेटीत सात कानशी होत्या, तेल लावून कापडात गुंडाळलेल्या. दोन वर्षांत ते कापड कोणी सोडलं नव्हतं. तिने त्यांच्या मांडीवर ओलं फडकं पसरलं, भुगा उडू नये म्हणून, आणि पाहुण्याला पलंगाच्या दुसऱ्या टोकाला ढकललं. नाना दहा हात मारायचे, थांबायचे, श्वास घ्यायचे, पुन्हा दहा. मधेच नखाने कड चाचपायचे. एका चौकोनाला अर्धा तास लागला. पहिला मीटर बसला तेव्हा तो बोटाने दाबावा लागला आणि 'टक्' असा आवाज आला.

"असं बसलं पाहिजे," नाना म्हणाले. "हललं नाही पाहिजे, अडलंही नाही पाहिजे."

उरलेले चार चौकोन त्यांनी तीन दिवसांत केले. त्या तीन दिवसांत दोनदा वीज गेली. रेडिओ बंदच होता, पण दिवा त्यांनी बंद केला नाही. "कामाला लागतो," म्हणाले.

जिथे तारांना कथिल वितळवून डाख द्यायचे होते ते लॅबबाईने शाळेत, मधल्या सुट्टीत दिले. प्राणवायूच्या यंत्राजवळ तापलेली वस्तू आणायची नाही हा घरातला पहिला नियम होता. बाकीची जोडणी तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर केली. तिला नीटनेटकेपणाचा सोस होता. प्रत्येक सॉकेटची वायर तिने सरळ, इस्त्री केल्यासारखी, कड्यातून ओढून घेतली, पट्टीने बांधली, वर चिठ्ठी चिकटवली. डब्याच्या आतलं दृश्य इतकं सुबक झालं की झाकण लावायचं तिच्या जिवावर आलं.

शनिवारी दुपारी पहिली चाचणी. नाना पलंगावर, नवरा दाराशी चहा घेऊन. तिने पाहुणा, दिवा, रेडिओ आणि मासे असे चौघे डब्याला जोडले, पाचव्या सॉकेटला नवऱ्याचा फोन लावला आणि मुख्य बटण दाबलं. पाचही खिडक्या निळ्या उजळल्या. पाहुणा घुरघुरला, दिवा लागला, रेडिओ बोलू लागला.

आणि पाचही खिडक्यांत आकडा होता शून्य.

नवऱ्याने चहाचा घोट घेतला. "वा! सगळं फुकटात चालतंय. उगाच इतकी वर्षं बिल भरलं."

"गप्प बसा हो." तिने बटण बंद केलं, चालू केलं. शून्य. मीटरांना वीज मिळत होती, विजेचा दाब ते बरोबर दाखवत होते, पण वॅट शून्य. एक बिघडला असता तर समजण्यासारखं होतं, पण पाचही? तिचा चेहरा उतरला. आठवडाभराचं काम, आणि नवरा दाराशी हसतोय.

"झाकण काढ," नाना म्हणाले.

तिने सगळं बंद केलं, भिंतीतली पिन काढली, झाकण उघडून डबा त्यांच्यापुढे धरला. नानांना विजेतलं फारसं कळत नव्हतं आणि ते कळल्याचा आवही आणत नव्हते. ते एकेका तारेवरून नजर फिरवत गेले.

"या कड्यातून काय गेलंय?"

"वायर."

"एकच?"

"एकाच वेष्टणात दोन आहेत. एकीतून वीज जाते, दुसरीतून परत येते."

"जाते तेवढीच परत येते?"

"तेवढीच."

नाना हसले. किती महिन्यांनी त्यांचे खालचे दात दिसले. "अगं, मग तो बिचारा शून्यच दाखवणार! दोन्ही पारड्यांत सारखंच वजन ठेवलंस तू. काटा मधेच राहणार. काटा खोटा नाही, तोलणाऱ्याने चूक केलीय."

लॅबबाईने कपाळावर हात मारला. हे तिला माहीत होतं. मुलांना असंच कडं दाखवताना शिक्षक दर वर्षी हेच सांगत, आणि ती शेजारी उभी राहून ऐकत असे. पण सुबकपणाच्या नादात तिने दोन्ही तारा एकत्र ओवल्या होत्या. कड्यातून फक्त एकच तार जायला हवी.

"नाना, तुम्ही वायरमन का नाही झालात?"

"वायरमनला कोण उधारीवर चहा पाजतो? तराजूवाल्याला सगळे दुकानदार घाबरून असतात."

पाचही वेष्टणं सोलून, एक तार कड्यातून आणि दुसरी बाहेरून घ्यायला तिला रविवारची सकाळ लागली. आतलं चित्र आता आधीइतकं सुरेख नव्हतं. मग नानांनी नवीनच अट घातली: खात्रीचं वजन ठेवून बघितल्याशिवाय काटा दुकानात जाणार नाही. खात्रीचं वजन म्हणजे काय, याचा विचार करून तिने माळ्यावरून जुना, तारेचा, साठ वॅटचा बल्ब काढला. तो एकेका सॉकेटला लावला. अठ्ठावन्न, अठ्ठावन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न आणि शेवटी एकाहत्तर.

"नापास," नाना म्हणाले. "परत कर."

"नाना, फोनचं सॉकेट आहे ते. त्याचा काय एवढा..."

"परत कर. एक काटा खोटा निघाला की गिऱ्हाईक बाकीच्या चारांवरही विश्वास ठेवत नाही."

दुकानदाराने कुरकुरत बदलून दिला.

खात्री म्हणून तिने दोन घरं पलीकडे राहणाऱ्या वायरमनला बोलावलं. त्याच्या खिशात कायम टेस्टर खोचलेला असे, म्हणून त्याचं नावच टेस्टर पडलं होतं. त्याने डबा उलटासुलटा केला, तारा ओढून बघितल्या, मान डोलावली, आणि मग झाकणावर टिचकी मारली. "ताई, डबा लोखंडी आहे. अर्थिंगची तार सॉकेटांना दिलीत, डब्याला नाही दिली. आत एखादी तार सुटली तर हात लावणाऱ्याला हिसका बसेल." त्याने आपल्या हातांनी एक हिरवी तार डब्याच्या अंगाला स्क्रूने आवळली. लॅबबाईने ती चूक मुकाट्याने आपल्या वहीत लिहून ठेवली. टेस्टर मात्र जाता जाता दारात घुटमळला. "हे चौकोन कोणी कापले? फॅक्टरीतून आल्यासारखे आहेत."

नाना खिडकीकडे बघू लागले, जणू त्यांनी ऐकलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी बेकरी लवकर सुटली, आणि दुपारी साडेबाराला डबा पुन्हा जोडला. या वेळी खिडक्यांत आकडे होते. पाहुणा तीनशे दहा. दिवा नऊ. रेडिओ सहा. मासे चौदा. फोन पाच.

"सहा!" लॅबबाई म्हणाली. "नाना, सहा! तुमचा रेडिओ दिव्यापेक्षा कमी खातो."

"एवढं धूड, आणि सहा?" नवऱ्याने वाकून बघितलं. मग त्याची नजर शेजारच्या खिडकीवर गेली. "आणि मासे चौदा. बघ, म्हटलं होतं ना, नखाएवढा पंप. मग बॅटरीच फसवी निघाली. विकणाऱ्यालाच धरला पाहिजे."

त्याचं म्हणणं चुकीचं वाटत नव्हतं. बेरीज साडेतीनशेच्याही आत होती. इतक्यावर बॅटरी साडेतीन तास तरी चालायला हवी होती. तिने पलंगाशेजारी खुर्ची ओढली आणि वही उघडून दर दहा मिनिटांनी आकडे लिहायला घेतले. नानांनी रेडिओ लावला. नवरा खुर्चीतच पेंगू लागला. पहाटे चारला उठणारा माणूस तो.

खिडकीतून थंडीतलं कोवळं ऊन टाकीवर पडलं होतं. मासे त्या पट्ट्यात गोळा झाले होते. हळूहळू ऊन टाकीवरून भिंतीवर सरकलं. दीड वाजून गेला असेल. नाना एकदम म्हणाले, "अगं, हे बघ."

माशांच्या खिडकीत दोनशे चौदा.

"आकडा चुकला की काय?" तिने डोळे चोळले. दोनशे चौदाच. ती वाट बघत राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आकडा हलला नाही. तिने नवऱ्याच्या खांद्याला हात लावला. "अहो. तुमच्या टाकीत पंपाशिवाय काय आहे?"

"काय असणार? पंप, दिवा..." तो डोळे न उघडताच म्हणाला. मग त्याने डोळे उघडले. मग तो सावकाश उठून बसला. "हीटर."

"हीटर?"

"मागच्या थंडीत लावला होता. काचेची नळी. पाणी गार झालं की आपोआप चालू होतो." त्याने टाकीमागे हात घालून शेवाळलेली नळी बाजूला केली. तिच्यावर एक लाल ठिपका शांतपणे जळत होता. "मी विसरूनच गेलो होतो. दोन्हींची पिन एकच केली होती ना मी, जागा वाचवायला."

त्याने नळीवरचं शेवाळ अंगठ्याने पुसलं.

लॅबबाईने वहीत हिशेब केला आणि मग मोठ्याने वाचला, कारण तिला राहवेना. दुपारी ऊन सरकल्यावर हीटर जवळजवळ सतत चालत होता. म्हणून बॅटरी दोन तासांत बसत होती. त्या दोन तासांत रेडिओ बंद ठेवून नानांनी किती वेळ वाचवला?

"दीड मिनिट," ती म्हणाली. "दिवाही बंद ठेवून सगळी मिळून पावणेचार."

नवऱ्याचा चेहरा असा झाला की तिने वही मिटली. तो पलंगाच्या कडेला बसला. पिठाचा पांढरा पट्टा अजून त्याच्या कानामागे होता. "नाना, मी तुम्हाला अंधारात बसवलं आणि मासे उबेत ठेवले."

"चोर सोडून संन्याशाला फाशी," नाना म्हणाले, पण हसत. "अरे, तू मला कुठे बसवलंस? मीच बसलो. सांगितलं कोणी होतं? मोजायला पाहिजे होतं मी. जन्मभर लोकांना तेच सांगत आलो."

"काढूनच टाकतो हीटर."

"काढू नकोस. गारठून मरतील ते. माशांनी काय घोडं मारलंय?" नाना थोडे थांबले, श्वास घेतला. "एक सांगू का? रागावू नकोस. मासे चांगले आहेत रे. पण बोलत नाहीत."

नवऱ्याला हसू आलं, मग लॅबबाईलाही. पोट धरून हसणं नानांना परवडत नसे, म्हणून ते नुसते खांदे हलवत होते.

उपाय अगदी सोपा निघाला. नवऱ्याने संध्याकाळपर्यंत हीटरची पिन वेगळी करून ती भिंतीतल्या साध्या, इन्व्हर्टरला न जोडलेल्या सॉकेटला लावली. वीज गेली की हीटर आपोआप बंद पडेल आणि पंप तेवढा बॅटरीवर चालेल. तीन तास हीटर नसला तर माशांचं काय, हा प्रश्न उरला. पण आता त्या घरात अंदाजाने बोलायची कोणाची हिंमत नव्हती. नवऱ्याने टाकीला जुनी गोधडी गुंडाळली, पाण्यात थर्मामीटर सोडला आणि हीटर बंद करून तीन तास समोर बसून राहिला. पाणी एका अंशाने उतरलं. माशांना त्याचा पत्ताही नव्हता.

पुढच्या गुरुवारी सकाळीच गल्लीत सूचना फिरली: अकरा ते अडीच वीज बंद. साडेतीन तास. लॅबबाईचं शाळेत लक्ष लागेना. मिश्रणाच्या बाटल्यांच्या चिठ्ठ्या तिने दोनदा उलट्या लावल्या. दोन वाजता तिने घरी फोन केला.

"काय चाललंय?"

"शू:!" नानांनी फोनवरच तिला गप्प केलं. "ती बाई शिडीवर चढलीय. वरचा दिवा विझलाय. नंतर कर." आणि फोन बंद.

ती घरी पोचली तेव्हा वीज येऊन तासभर झाला होता. नवरा बाहेरच्या खोलीत पालथा झोपला होता. टाकीभोवती गोधडी अजून तशीच होती, वरून एक मासा डोकावत होता. सिलिंडर कोपऱ्यात, कोणी हात न लावलेला. नाना तिच्या वहीत लिहीत होते. दर अर्ध्या तासाला पाच आकडे, वळणदार, पावतीवर लिहायचे तसे. खाली एक ओळ: 'वीज आली तेव्हा बॅटरीचा दुसरा हिरवा दिवा अजून चालू. विकणारा खोटं बोलला नव्हता.'

"त्याला उगाच धरलं असतं," नाना म्हणाले.

"आणि शिडीवरची बाई?"

"पोचली वर. पण तेल आणायला विसरली. उद्या कळेल." मग एकदम, "दमली असशील. बस. चहा मी सांगतो." ते मुलाला हाक मारायला निघाले, पण झोपलेला बघून थांबले. शेवटी चहा लॅबबाईनेच केला. दोघांनी पलंगावर बसून प्यायला, दिव्याच्या उजेडात, आणि नानांनी तिला दीपगृहाची गोष्ट सुरुवातीपासून सांगितली. चुकलेले भाग ते मनानेच जोडत होते हे तिला कळत होतं.

आठ दिवसांनी टेस्टर आला. त्याच्या हातात पिशवी होती आणि तो जरा अवघडलेला होता. वरच्या गल्लीतल्या एका शिवणकामाच्या ठिकाणी सहा मशिनं आणि दोन इस्त्र्या एकाच वायरवर होत्या. तिथे फ्यूज उडायचा आणि रोज भांडण व्हायचं की कोणामुळे. "त्यांना असाच डबा पाहिजे," तो म्हणाला. "आठ खिडक्यांचा. वायरिंग मी करेन. पण ते चौकोन..." त्याने नानांकडे बघितलं. "आणि मीटर तपासून द्याल का? दुकानातून कसेही येतात."

नानांनी पिशवीतून एक मीटर काढला, उजेडात धरला, कडा नखाने चाचपल्या.

"घाई आहे?"

"नाही नाही. तुमच्या सवडीने."

"माझे दहा हात आणि एक विश्रांती असा हिशेब असतो," नाना म्हणाले. "चालत असेल तर ठेवून जा."

"चालेल की, नाना."

"दोननंतर येऊ नकोस. दोन ते अडीच मी कामात असतो."

टेस्टर पिशवी ठेवून गेला. नानांनी लॅबबाईला साठ वॅटचा बल्ब आणायला सांगितलं आणि आठही मीटर पलंगावर ओळीने मांडले. सहाव्याचं कडं जरा सैल होतं. त्यांनी तो उचलून कानाजवळ हलवला, ओळीतून बाहेर काढून ठेवला आणि पहिल्यापासून तपासायला सुरुवात केली.